इसबगोलचे सात महिने आणि ‘एक ग्लास पाणी’

काल पुन्हा नवीन डबा आणला. खोका उलटसुलट करून पाहिला, तर त्यावर अजूनही तेच: ‘एक ग्लास पाण्यासोबत घ्या’. ग्लास केवढा, ते कुठेच नाही. याच चार शब्दांनी मला दवाखान्याच्या वाटेला लावलं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

फेब्रुवारीत हिमोग्लोबिन 8.4 आलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आठवड्याभरात खडा व्हायला लागला. कुंथून कुंथून डोळ्यांत पाणी यायचं. मेडिकलमधून इसबगोल आणलं. आमच्याकडे पाणी प्यायला फुलपात्रं. दोन चमचे फुलपात्रात घातले, ढवळले, तेवढ्यात फोन आला. परत येऊन बघते तर चमचा उभा राहील असा घट्ट लगदा. वाया कशाला घालवायचा म्हणून तसाच खाल्ला, वर घोटभर पाणी. तो छातीच्या मधोमध अडकला. थुंकीसुद्धा गिळवेना. ह्यांनी गाडी काढली, वाटेत उलटी झाली तेव्हा कुठे मोकळं वाटलं.

घरी येऊन मी फुलपात्र मोजलं. काठोकाठ 130 मिली. एका वेळेला लागतं साधारण 240, म्हणजे जवळजवळ दोन फुलपात्रं. इसबगोल पाणी शोषून फुगतं, त्यानेच शौच मऊ होतं. पाणी कमी पडलं तर ते घशातच फुगतं. मग हा आकडा खोक्यावर ठळक छापायला काय हरकत आहे? ज्यांना आधीच गिळायला त्रास होतो, त्यांनी तर हे घेऊच नये.

रागाने इसबगोल बंद केलं आणि लिक्विड पॅराफिन व मिल्क ऑफ मॅग्नेशियाचं पातळ औषध आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच पोट साफ! तेव्हा लिहिलं असतं तर त्यालाच पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण आठवड्यात कपड्यांना तेलकट डाग पडू लागले. त्यात सासरे म्हणाले, मलाही दे चमचाभर. त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम अंगात साठतं. शिवाय ते झोपून औषध घेतात, आणि पॅराफिन श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते. महिनोन्‌महिने घेतलं तर ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही नीट शोषली जात नाहीत. बाटली बाजूला ठेवली.

शेजारच्या काकूंनी सोनामुखीचं चूर्ण सुचवलं होतं. ते मऊ करत नाही, आतड्याला ढकलतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते रोज घ्यायचं नाही, असं मी ठरवलंय.

म्हणून पुन्हा इसबगोल, पण शिस्तीत. डॉक्टरांनी वेळा लावून दिल्या, कारण ते इतर औषधांचं शोषण अडवू शकतं. थायरॉइडची गोळी पहाटे, लोहाची दुपारी, इसबगोल संध्याकाळी पाचला. आडवं पडायच्या तोंडावर कधीच नाही. सुरुवात एका चमच्याने. पहिले चार दिवस पोट फुगलं, तिसऱ्या दिवसापासून फरक पडला. एका रात्रीत गुण येत नाही. सुटी पुडी सोयीची, पण महाग पडते, डबाच परवडतो. पावसाळ्यात मात्र त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून आणल्या आणल्या काचेच्या बरणीत ओतते.

पोटात कळ, उलटी, वारा सरेना असं असेल तर यातलं काहीही घेऊ नका, थेट डॉक्टरांकडे जा. रक्त दिसलं, वजन उतरलं किंवा शौचाची सवय अचानक बदलली तरीही. लोहाने शौच काळपट होतं हे मला आधी सांगितलं होतं; गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं झालं तर थांबू नका.

ऑगस्टमध्ये हिमोग्लोबिन 11.2 आलं. गोळ्या अजून काही महिने आहेत, म्हणजे इसबगोलही. कंपनीला खोक्याबद्दल पत्र टाकलंय, उत्तर नाही. तोवर बरणीवर मार्करने मीच लिहिलंय: ‘दोन फुलपात्रं पाणी. ढवळलं की लगेच प्यायचं.’