क्लिप ट्यूनर, मोबाईल अ‍ॅप की घरची पेटी? नवीन गिटारवाल्यांनी काय धरावं

नवीन गिटार घरात आली की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच. गोव्यात साखळीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने पण तोच विचारला, मामा ट्यूनिंगला, म्हणजे तारा सुरात लावायला, क्लिप घेऊ, फोनवर अ‍ॅप टाकू, की सर करतात तसं कानाने शिकू? मी तिन्ही वापरलंय म्हणून मत आधीच सांगतो, पैसे घालायचे तर क्लिपवर घाला, आणि घरात पेटी म्हणजे हार्मोनियम असेल तर रोज पाच मिनिटं पेटीजवळ बसा. अ‍ॅप अडीनडीला.

अ‍ॅपचं लवकर आटपतो. फुकट मिळतं, फोन खिशात असतोच, आणि शांत खोलीत ते क्लिपइतकंच बरोबर दाखवतं. पण ते फोनच्या माइकवर चालतं आणि माइकला सगळंच ऐकू जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस वाजत असतो, डोक्यावर फॅन, शेजारी टीव्ही, मग काटा नुसता इकडून तिकडे नाचतो आणि नवीन माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. जाड ई तार तर काही फोनना धड ऐकूच येत नाही.

क्लिप ट्यूनर गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लागतो आणि लाकडाची थरथर पकडतो, हवेतला आवाज नाही. त्यामुळे गणेश चवथीला आरती चालू असताना, बाजूला घुमट (मातीचं तालवाद्य) आणि कासाळे (मोठ्या झांजा) वाजत असताना सुद्धा तो आपल्या तारेचंच सांगतो, हे मी स्वतः करून बघितलंय. साधा क्लिप चार-पाचशेच्या आतबाहेर मिळतो, आत नाण्यासारखा चपटा सेल असतो, तो एक जास्तीचा केसमध्ये टाकून ठेवा. एका वेळी एकच तार छेडायची, बाकीच्या हाताने दाबून गप्प करायच्या.

आता क्लिपचे दोन धोके, कारण इथेच नवीन माणूस अडकतो. पहिला, बरेच क्लिप फक्त सुराचं इंग्रजी अक्षर दाखवतात, कुठल्या सप्तकातलं ते नाही. डी तार उतरून सी वर गेली तरी हिरवा लाईट लागतो, कारण सी म्हणून ती बरोबरच असते! म्हणून रंगाआधी अक्षर बघा, आणि तार नेहमीपेक्षा कडक लागायला लागली की थांबा, नाहीतर ती तुटते. दुसरा धोका भाच्यासोबत झाला. मामा, सगळ्या तारा हिरव्या येतात तरी पेटीशी जुळत नाही, असा फोन आला. बघितलं तर बटण चुकून दाबलं जाऊन ४४० च्या जागी ४३५ झालं होतं, म्हणजे ए सुराची सेकंदाला किती कंपनं धरायची तो क्लिपवरचा आकडा. म्हणजे गिटार एकटी गोड वाजणार, पण सगळीच थोडी उतरलेली, साधारण अर्ध्या सुराचा पाचवा भाग. वाजवायला बसायच्या आधी तो आकडा बघायची सवय लावा.

आता कान. पद्धत सोपी आहे, सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या पाचव्या घरात बोट ठेवलं की जो सूर येतो तोच मोकळ्या पाचव्या तारेचा, असंच पुढे, फक्त तिसऱ्या तारेवर चौथं घर. दोन तारा एकदम छेडा आणि लक्ष देऊन ऐका, जुळलेल्या नसतील तर आवाज वाँव वाँव करून डोलतो. खुंटी हळू फिरवत गेलात की डोलणं संथ होतं, मग आणखी संथ, आणि मग एकदम थांबून दोन तारांचा एकच आवाज होतो. एक तार सेकंदाला ११० कंपनांवर आणि दुसरी १११ वर असेल तर सेकंदाला एक हेलकावा, इतकं साधं आहे ते. पहिल्यांदा हे ऐकू आलं तेव्हा मी अर्धा तास तेच करत बसलो होतो. पण पहिली तार कुणीतरी द्यावी लागते, ती चुकली तर पुढच्या सगळ्या चुकल्या.

ती तार पेटी देते. गिटारच्या सहाही मोकळ्या तारा पांढऱ्या पट्टीवरच बसतात, जाड तारेपासून पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि परत तीन. आपल्याकडे पाद्रीच्या इगर्जीत (चर्चमध्ये) सॉल्फेज म्हणजे पाश्चात्त्य सरगम शिकलेले जुने लोक ह्यालाच मी, ला, रे, सोल, सी (इंग्रजी अक्षर सी नव्हे, ही बी तार), मी म्हणतात, तेच सूर, नावं पोर्तुगीजांकडून आलेली. भजनाच्या घरात वाढलेल्या पोराला ई ए डी पाठ करायला लावण्यापेक्षा हे लवकर डोक्यात बसतं. पेटीचं सप्तक वर-खाली वाटेल, सूर तोच धरायचा.

जुनी पेटी मात्र ४४० वर असेलच असं नाही. पेटी तिथल्या तिथे बदलता येत नाही, गिटार येते, म्हणून एकत्र वाजवायचं असेल तर क्लिप बाजूला ठेवून पेटीलाच जुळवा.

तंबोऱ्यावर कान तयार झालेल्यांना एक गोष्ट खटकणार, तिसरी जी आणि दुसरी बी ह्या तारा एकदम वाजवल्या की बी चढी वाटते. षड्ज-गांधाराचं नातं आहे ते, आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा गांधार गिटारच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो, अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. कानाला गोड लागते म्हणून बी उतरवलीत तर ई कॉर्ड बिघडतो. एवढ्या एका तारेपुरतं क्लिपचं ऐका.

भाचा आता जाड तार पेटीच्या तीनवर लावतो, बाकीच्या पाच कानाने, आणि मग क्लिप लावून किती चुकलं ते बघतो. तार चढी झाली तर आधी खाली उतरवून मग वर आणायची, खालून वर आणलेली तार टिकते. गेल्या रविवारी त्याची फक्त बी चुकली होती.