सांबऱ्याच्या धावपट्टीवरून जुने ट्विन : सेनेका, बॅरन, सेसना ३१० की ॲझ्टेक?

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे चंदगड-कोल्हापूर या पट्ट्यात हौसेने उडणाऱ्यांची संख्या मोजकी आहे आणि त्यामुळे बहुतेक जण एकमेकांना नावानिशी ओळखतात. हवाई दलातून निवृत्त झालेले, फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवणारे, उद्यमबागेतला कारखाना सांभाळून रविवारी उडणारे असे चार लोक एकत्र बसले की एक प्रस्ताव हमखास निघतो : सगळ्यांनी मिळून एखादे जुने, दोन इंजिनांचे विमान घ्यावे. असा विचार गांभीर्याने करणाऱ्यांसाठी ही तुलना आहे. परदेशातून जुने विमान आणण्यावर डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) वयाची बंधने असल्यामुळे, देशात आधीच व्हीटी या भारतीय नोंदणी-अक्षरांखाली नोंदलेले विमान शोधणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. त्यामुळे येथे चारच विमानांचा विचार केला आहे : पायपर सेनेका, बीचक्राफ्ट बॅरन ५५, सेसना ३१० आणि पायपर ॲझ्टेक. गोल इंजिनांचे बीच १८ देखणे आहे यात वाद नाही, पण १९३७ साली प्रथम उडालेल्या त्या विमानाच्या पंखाच्या स्पारची (मुख्य तुळईची) तपासणी करत राहणे हे संग्रहालयाचे किंवा हवाई दलाचे काम आहे. हवाई दलाने २०१८ मध्ये भेट म्हणून स्वीकारलेले ‘परशुराम’ हे जुने डकोटा विमान उडते राहिले आहे ते त्यामागे उभ्या असलेल्या यंत्रणेमुळे, आणि तशी यंत्रणा चार मित्रांच्या वर्गणीत उभी राहत नाही.

बहुतेक जण तुलनेची सुरुवात वेगापासून करतात. बॅरन ५५ साधारण १८५ नॉट (ताशी नॉटिकल मैल) वेगाने जाते, सेसना ३१० त्याच्या जरा मागे, सेनेका आणि ॲझ्टेक १६० नॉटच्या आसपास. ऐकताना हा फरक मोठा वाटतो. बेळगावचा सांबरा विमानतळ ते बंगळूरचा जक्कूर हवाईतळ हे अंतर हवाई मार्गाने सुमारे २४० नॉटिकल मैल आहे, म्हणजे बॅरनला जिथे अठ्ठ्याहत्तर मिनिटे लागतील तिथे सेनेकाला दीड तास लागेल. कोल्हापूरला जायचे असेल तर चढण्या-उतरण्यातच वेळ संपतो आणि फरक जाणवतही नाही. बॅरनचे ताशी ९५ लिटर आणि सेनेकाचे ८५ लिटर धरले, तर जक्कूरपर्यंतचे इंधनही जवळपास सारखेच जाते. ॲझ्टेक मात्र तेवढ्याच अंतराला तीसएक लिटर जास्त पिते. तेव्हा बारा मिनिटांसाठी निर्णय घेऊ नये, इतके म्हणून वेगाचा विषय मी बाजूला ठेवतो.

खरा प्रश्न आपल्या भूगोलाचा आहे. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ३६ अंशांवर गेला की हवा विरळ होते आणि विमानाला ती ५,५०० फुटांवरच्या हवेसारखी जाणवते. दोन्ही इंजिने चालू असताना याचे काही वाटत नाही. २,३०० मीटरची धावपट्टी भरपूर आहे. परंतु दोन इंजिनांचे विमान घेण्याचे कारणच मुळी एक बंद पडले तर दुसऱ्यावर घरी येता यावे हे असते, आणि त्याच कसोटीवर चारही विमाने एकदम वेगळी दिसू लागतात. १९७१-७२ मधली पहिली सेनेका, जिच्यात लायकमिंग कंपनीची २०० अश्वशक्तीची साधी इंजिने आहेत, पूर्ण वजनात एका इंजिनावर ४,००० फुटांच्याही खालीच अडकते. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी सांबऱ्याहून उडताना एक इंजिन गेले, तर दुसरे फक्त जमिनीपर्यंतचा मार्ग थोडा लांबवते. बॅरन ५५ आणि सेसना ३१० यांची एका इंजिनावरची मर्यादा साधारण साडेसहा ते साडेसात हजार फूट आहे, त्यामुळे थोडीशी चढण हाती राहते, पण वैमानिकाने वेग, रडर आणि बंद इंजिनाचा प्रॉपेलर फेदर करण्याची (पाती वाऱ्याला समांतर वळवण्याची) कृती यांत क्षणभराचीही गफलत करून चालत नाही. सेनेका-२ मध्ये मात्र टर्बोचार्जर (इंजिनात जास्त दाबाने हवा भरणारे यंत्र) असलेली कॉन्टिनेंटल कंपनीची इंजिने आली आणि ही मर्यादा १३,००० फुटांच्या वर गेली. शिवाय सेनेकाचे दोन्ही प्रॉपेलर परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात, त्यामुळे ‘कोणते इंजिन बंद पडले तर जास्त अवघड’ हा प्रश्नच त्या विमानात उरत नाही. बॅरन आणि ३१० मध्ये डावे इंजिन जाणे अधिक वाईट. केवळ या एका मुद्द्यावर माझा कल सेनेका-२ कडे झुकतो, आणि पुढचे मुद्दे वाचताना वाचकाने हा कल लक्षात ठेवावा.

टर्बोचार्जर फुकट मिळत नाही. सेनेका-२ चा वेस्टगेट (टर्बोकडे जाणारा जादा धूर वळवणारी झडप) स्थिर आहे, म्हणजे दाबाचे नियंत्रण यंत्र करत नाही, वैमानिकाचा हात करतो. थ्रॉटल जरा जास्त पुढे गेला की इंजिनात मर्यादेपेक्षा जास्त दाब जातो, आणि चार वेगवेगळ्या हातांनी उडवले जाणारे विमान असेल तर ही चूक कोणाकडून किती वेळा झाली हे लॉगबुकात कधीच लिहिले जात नाही. एक्झॉस्टचे नळ, त्यांचे क्लॅम्प आणि टर्बो हे नियमित खर्चाचे भाग आहेत. इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्याची मुदतही बॅरनच्या आयओ-४७० इंजिनाला १,५०० तास तर सेनेका-२ च्या मूळ इंजिनांना १,४०० तास इतकी कमी आहे. ॲझ्टेकची लायकमिंग आयओ-५४० मात्र २,००० तास चालतात. कागदावर ॲझ्टेक जिंकते.

आणि इथेच पावसाळा मध्ये येतो. लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (प्रॉपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसलेली असते. विमान उभे राहिले की तिच्यावरचे तेल हळूहळू खाली निथळते आणि तो भाग उघडा पडतो. कॉन्टिनेंटलमध्ये ती खाली असल्यामुळे तेलाच्या जवळ राहते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत खानापूरच्या बाजूने येणारे ढग आठवडेच्या आठवडे उडू देत नाहीत, हँगरच्या पत्र्याला आतून घाम फुटतो, आणि चार महिने उभ्या राहिलेल्या ॲझ्टेकची कॅमशाफ्ट गंजली की २,००० तासांचा हिशेब पहिल्या ८०० तासांतच मोडू शकतो. यावरचा उपाय जुना आहे : इंजिनात संरक्षक तेल भरणे आणि स्पार्क प्लग काढून त्यांच्या जागी सिलिका जेलचे पारदर्शक प्लग बसवणे. त्यांतले दाणे निळे असतात आणि ओल शोषली की गुलाबी होतात. आषाढात एका आठवड्यात ते निळ्याचे फिकट जांभळे आणि मग पूर्ण गुलाबी झालेले पाहिले, म्हणजे सिलिंडरच्या आत काय चालले असेल याचा अंदाज येतो. ते प्लग काढून, दाणे तव्यावर तापवून पुन्हा निळे करून बसवायला दर आठवड्याला कोणीतरी जायला हवे. ‘मी रविवारी जाऊन दहा मिनिटे इंजिन सुरू करून येतो’ असे म्हणणारा सदस्य प्रत्येक गटात असतो. त्याला प्रेमाने थांबवावे, कारण जमिनीवर दहा मिनिटे चालवून तेल पुरेसे तापत नाही, आतले पाणी उडून जात नाही आणि उलट ज्वलनातून आलेले नवे पाणी भरते. कॉन्टिनेंटलची दुखणी वेगळी आहेत. तिची सिलिंडर मुदतीपूर्वीच कम्प्रेशन (आत दाब धरण्याची क्षमता) गमावतात आणि अर्ध्या वाटेत एक-दोन बदलावी लागतात, पण ते काम खिशाला लागते तरी इंजिन विमानावर असतानाच करता येते.

तासांच्या मुदतीबरोबरच इंजिन कंपन्यांनी १२ वर्षांची मर्यादाही सांगितली आहे. आपल्यासारखा गट वर्षाला ८०-१०० तास उडतो, त्यामुळे तास संपण्याआधी वर्षेच संपतात. ‘इंजिनावर अजून ९०० तास शिल्लक’ अशी जाहिरात वाचताना ते इंजिन शेवटचे कधी उघडले हे साल आधी विचारावे. प्रॉपेलरची मुदत तर पाच-सहा वर्षांचीच असते, आणि प्रॉपेलर दोन आहेत.

चाकांच्या यंत्रणेत सेसना ३१० सर्वांत नाजूक आहे. एकच विद्युत मोटर, तिला जोडलेले दांडे आणि हालचालीची दिशा बदलणारे बेलक्रँक, आणि त्या प्रत्येकाचा ताण स्प्रिंग काट्याने मोजून जुळवायचा असतो. हे काम ज्याने दहा वेळा केले आहे अशा माणसाकडूनच ते करून घ्यावे लागते, आणि असा माणूस आपल्या भागात सापडणे कठीण. इंधनाची व्यवस्थाही समजून घ्यावी लागते : मुख्य टाक्या पंखांच्या टोकांना आहेत, आणि साहाय्यक टाकीतून इंजिन चालत असताना जास्तीचे इंधन मुख्य टाकीत परत जाते. ती भरलेली असेल तर ते सरळ बाहेर वाहून जाते. १९५३ साली प्रथम उडालेले हे विमान चारांत सर्वांत देखणे आहे असे माझे मत आहे, आणि केवळ त्या कारणासाठी ते घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. बॅरनची चाके मजबूत आहेत, पण पंखांना जोडणाऱ्या स्पारच्या मधल्या भागात तडे शोधण्याची सक्तीची तपासणी तिच्या मागे कायमची आहे आणि बीचक्राफ्टच्या सुट्या भागांच्या किमती ऐकून मोठमोठे कारखानदार गप्प होतात. ॲझ्टेकच्या सांगाड्यात पोलादी नळ्या आहेत, म्हणून पत्र्याखाली डोकावून गंज शोधणे अपरिहार्य. शिवाय अनेक ॲझ्टेकमध्ये चाके उचलणारा हायड्रॉलिक पंप फक्त डाव्या इंजिनावर आहे. सेनेकाचे नाकाचे चाक तेवढे नीट पाहून घ्यावे, बाकी तिची रचना साधी आहे.

सुट्या भागांविषयी बेळगावकरांना वेगळे सांगावे लागते, कारण आपल्याकडे हुशारीचीच अडचण आहे. उद्यमबागेत फौंड्री आणि हायड्रॉलिक्सची जी परंपरा आहे आणि हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमान कंपन्यांसाठी जे सुटे भाग घडतात, ते पाहता एखादे पितळी बुश किंवा पिन मूळ भागापेक्षा सरस बनवून देणारा माणूस आपल्या गल्लीतच असतो. पण अधिकृत प्रमाणपत्राशिवाय बनवलेले बुश विमानात बसवले, की त्या दिवसापासून त्या विमानाची उड्डाणयोग्यता आणि विमा दोन्ही संशयात येतात. ‘आपल्या दोस्ताने टर्न करून दिले’ हे वाक्य मोटारीसाठी योग्य आहे. लॉगबुकात ते लिहिता येत नाही, आणि जे लिहिता येत नाही ते करू नये. एक ॲझ्टेक पाहायला आम्ही काही मंडळी गेलो होतो. रंग नवा, सीटचे चामडे नवे. लॉगबुक उघडल्यावर दिसले की अनेक महिन्यांच्या नोंदी एकाच शाईने, एकाच झोकात, बहुधा एकाच बैठकीत लिहिलेल्या होत्या. एके ठिकाणी तर पुढच्या तारखेची नोंद आधी आणि मागची नंतर. आमच्याबरोबरच्या ग्राउंड इंजिनिअरने इंजिनाचे झाकण उघडायलाही नकार दिला.

माणसांचा हिशेब विमानाच्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा. आपल्या परवान्यावर त्या-त्या विमानाची नोंद लागते, म्हणजे गटातील प्रत्येकाला त्या प्रकारावर प्रशिक्षण आणि चाचणी द्यावी लागते. सेनेका देशातील अनेक प्रशिक्षण संस्थांत वापरली गेल्यामुळे तिचे प्रशिक्षक आणि परीक्षक शोधावे लागत नाहीत, आणि तिच्यावर सही करू शकणारे परवानाधारक अभियंतेही तुलनेने सहज भेटतात. ३१० साठी परीक्षक आणायचा तर त्याच्या सवडीनुसार आपल्या तारखा लावाव्या लागतील. गटाची रचना भिशीसारखी ठेवली तर ती टिकत नाही, कारण भिशीत प्रत्येकाची पाळी ठरलेली असते आणि विमानात दुरुस्ती कोणाच्या पाळीत येईल हे ठरलेले नसते. म्हणून दरमहा ठरावीक रक्कम आणि उडालेल्या प्रत्येक तासामागे वेगळी रक्कम, तीही इंजिन आणि प्रॉपेलरच्या राखीव खात्यात, असे लेखी असावे. कोणत्याही एका सदस्याने ‘आज उडू नये’ म्हटले की विमान जागेवर राहील, आणि त्याला कारण विचारले जाणार नाही, हे कलमही असावे. खाजगी नोंदणीच्या विमानातून पैसे घेऊन कोणालाही नेता येत नाही. ओळखीचे लोक गोव्याला सोडण्याचा आग्रह धरतात तेव्हा हे त्यांना सांगणे फार जड जाते, म्हणून तेही लिहून ठेवलेले बरे.

ॲव्हगॅसची, म्हणजे पिस्टन इंजिनांच्या विमानांना लागणाऱ्या पेट्रोलची, उपलब्धता हा चारही विमानांचा समान प्रश्न आहे. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये बडोद्याच्या रिफायनरीतून देशी ॲव्हगॅस आणले, पण ते प्रत्येक विमानतळावर पोहोचत नाही, आणि सांबऱ्यावर ते कोण, किती आणि किती दिवस आधी कळवल्यास देईल हे खरेदीपूर्वी लेखी घ्यावे. ज्यांना या सगळ्याचा कंटाळा येईल त्यांनी जुन्याचा नाद सोडून डिझेल इंजिनांची डायमंड डीए-४२ पाहावी. ती जेट इंधनावर चालते आणि ते सांबऱ्यावर प्रवासी विमानांसाठी येतेच.

माझा निर्णय असा : तीन-चार जणांचा, वर्षाला शंभर तासांच्या आत उडणारा गट असेल आणि हँगरमध्ये जागा निश्चित झाली असेल, तर सेनेका-२ किंवा तिच्यानंतरची २२० अश्वशक्तीची सेनेका-३ घ्यावी, पण थ्रॉटलची शिस्त सर्वांनी एकाच प्रशिक्षकाकडून शिकावी. गटात एखादा बॅरनवर वर्षानुवर्षे काम केलेला अभियंता असेल आणि राखीव खाते आधीच भरलेले असेल, तर बॅरन उडवायला अधिक समाधान देते हे मान्य करावे लागेल. ॲझ्टेक फक्त तेव्हाच, जेव्हा ती कोरड्या प्रदेशात वाढली असेल आणि तिच्या नोंदी अखंड असतील. पहिली सेनेका आपल्या उंचीवर घेऊ नये. पाहणी मात्र शक्यतो सप्टेंबरच्या अखेरीस करावी, कारण पावसाळ्याने केलेले नुकसान तेव्हाच ताजे दिसते. बोरोस्कोपने (आत डोकावणाऱ्या बारीक नळीच्या दुर्बिणीने) प्रत्येक सिलिंडर आणि लायकमिंग असेल तर कॅमशाफ्टचे लोब (उंचवटे) पाहून मगच बयाणा द्यावा, आणि विमान उडवत आणणे ऑक्टोबरनंतर, घाटावरचे ढग उठल्यावर ठरवावे.