नेदरलँड्समध्ये गॉलब्लॅडरचं ऑपरेशन : भारतात ॲडमिट होऊन आलात तर आधी सांगा (४/५)

हॉस्पिटलचं नाव देत नाही, कारण हा नियम इथे सगळीकडेच आहे. सुट्टीत पुण्यात असताना नवऱ्याचं पित्ताशयाच्या खड्यांनी पोट धरलं, काही दिवस ॲडमिट, सलाईनमधून ॲंटिबायोटिक, आणि ऑपरेशन इकडे येऊन करायचं ठरलं कारण इन्शुरन्स इथला.

इथे ॲडमिट होताना विचारलं, गेल्या २ महिन्यांत परदेशातल्या हॉस्पिटलात २४ तासांपेक्षा जास्त होतात का? हो म्हटलं आणि लगेच स्वतंत्र खोली, स्वतंत्र टॉयलेट, नर्स गाऊन-ग्लोव्हज घालूनच आत, नाकातून, घशातून आणि हो, मागूनही स्वॅब. आमचे हे म्हणाले, "वाळीत टाकलंय की काय आपल्याला!" ऑपरेशन ठरल्या दिवशीच झालं, फक्त लिस्टमध्ये शेवटी ढकललं.

मग इन्फेक्शनचं बघणारी नर्स येऊन निवांत बसली आणि तिने जे समजावलं त्याला माझे पाचपैकी पाच. ॲंटिबायोटिकला दाद न देणारे बॅक्टेरिया आतड्यात गुपचूप राहतात, माणूस ठणठणीत असतो, आणि हे रेझिस्टन्सचे जीन्स एक बॅक्टेरिया दुसऱ्याला देऊ शकतो, परीक्षेत शेजारच्याला उत्तर सरकवावं तसं. इथल्याच संशोधकांनी सुमारे २००० डच प्रवासी तपासले होते (रिझल्ट २०१७ मध्ये छापून आला), त्यात जाताना ज्यांच्याकडे ईएसबीएलवाले बॅक्टेरिया (ईएसबीएल म्हणजे बरीच नेहमीची ॲंटिबायोटिक्स निकामी करणारी एन्झाइम्स) नव्हते पण दक्षिण आशिया फिरून आले अशा चारांतले तीन जण ते घेऊन परतले. म्हणजे ॲडमिट न होताही! बहुतेकांचे काही आठवड्यांत आपोआप गेले पण साधारण दहातल्या एकाकडे वर्षभराने पण होतेच. प्रवासात जुलाब म्हणून ॲंटिबायोटिक घेतलेल्यांना धोका अजून जास्त, आणि आपण तर बॅगेत स्ट्रिप टाकूनच निघतो.

एनडीएम-१ हे असंच एक एन्झाइम, अगदी राखीव ठेवलेली जोरदार ॲंटिबायोटिक्सही निकामी करणारं; त्यातलं एनडी म्हणजे न्यू दिल्ली हे ऐकून मात्र जरा झोंबलंच. २००८ मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या पेशंटमध्ये ते सापडलं होतं. नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला, पण २०११ मध्ये दिल्लीच्या नळाच्या पाण्यातही ते मिळालं, मग काय बोलणार.

रिपोर्ट नंतर फोनवर कळला : एमआरएसए (ॲंटिबायोटिकला दाद न देणारा, नाकात-त्वचेवर राहणारा बॅक्टेरिया) नाही, ईएसबीएलवाला ई. कोलाय (आतड्यातला नेहमीचा बॅक्टेरिया) आहे. त्यावर औषध काहीच नाही दिलं, देऊन उपयोग पण नसतो, टॉयलेटनंतर हात साबणाने नीट धुवा आणि पुढे कधी इन्फेक्शन झालं तर डॉक्टरांना हे आधी सांगा, एवढंच.

एक स्टार कापला तो माहितीपत्रक फक्त डचमध्ये होतं म्हणून, आणि हा प्रश्न अपॉइंटमेंटच्या वेळीच विचारला असता तर स्वॅब आधीच घेऊन झाले असते. जेवण म्हणजे थंड ब्रेड आणि चीज, त्याबद्दल न बोललेलं बरं. पुण्याचं डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा, कुठलं ॲंटिबायोटिक दिलं होतं ते इथे लगेच विचारतात.