इंजिनिअरिंगच्या ॲडमिशन काउन्सेलिंगचं पॅकेज घेतलं होतं, त्याचा रिव्ह्यू (रत्नागिरी साइडच्या पालकांनी वाचा)

५ पैकी २ स्टार. एक कागदपत्रांसाठी आणि एक ऑफिसमधल्या त्या मुलीसाठी, जी निदान फोन तरी उचलायची. नाव लिहीत नाही, गाव लहान आहे आणि काउन्सेलिंगवाल्या सरांच्या बायकोचं माहेर आमच्याच आळीत निघालं.

आमची मुलगी २०२५ ची बारावी, सीईटीला पीसीएम ग्रुपमध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ९७ पॉइंट काहीतरी पर्सेंटाइल. हा आकडा फार वाईट हो. ९९ च्या वर असती तर कोणाला विचारायलाच नको होतं, ८५ असती तर इथेच रत्नागिरीत फिनोलेक्स कॉलेजला घरून जाऊन येऊन शिकली असती. ९७ म्हणजे सगळ्याच दारांत जाऊन बेल वाजवायची आणि पायरीवर बसून राहायचं. मुंबईचं वीजेटीआय मिळालंच तर टेक्स्टाइल, पुण्याचं सीओईपी मिळालंच तर मेटलर्जी, कॉम्प्युटर पाहिजे तर नवी मुंबई नाहीतर पुण्यातलं खासगी, आणि सांगलीचं वालचंद कुठेतरी मधेच. त्यात डोंबिवलीचे भाऊजी म्हणतात कॉम्प्युटर सोडून काही घेऊच नका, नणंदेचे मिस्टर म्हणतात एआय आलंय आता कॉम्प्युटरवाले घरी बसणार, मेकॅनिकल, सिव्हिलसारखी कोअर ब्रांच घ्या, आणि सासूबाई म्हणतात मुंबई नको गो, पावसात ट्रेन बंद पडतात तिथे. जशी काय आमच्या कोकण रेल्वेवर कधी दरडच आली नाही.

बाकी बारावीला कोकण बोर्ड ९६.७४ टक्के लागून राज्यात पहिलं आलं म्हणून आम्ही पेढे वाटले ते वेगळंच, कॅपला, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन ॲडमिशन प्रोसेसला, त्याचं कोणी काही विचारत नाही, बोर्डाचे मार्क पात्रतेपुरते आणि मेरिट सीईटीवर.

तर अशा डोकं फिरलेल्या अवस्थेत जूनमध्ये एका हॉलमध्ये मोफत सेमिनार होता तिथे गेलो. बाहेर पाऊस, आत पन्नास-साठ आईबाप आणि सरांची स्लाइड, ‘एक चुकीचा ऑप्शन आणि ४ वर्षं वाया’. घाबरवायचं कसं ते त्यांना बरोबर माहीत आहे. पॅकेज १२ हजार, त्यात दोन मीटिंगा, ऑप्शन फॉर्मची यादी (कुठलं कॉलेज, कुठली ब्रांच, कुठल्या नंबरला) तयार करून देणार आणि शेवटच्या राउंडपर्यंत सपोर्ट. आमचे हे म्हणाले १२ हजार म्हणजे किती पेट्या आंबा झाला बघ, पण मीच पैसे भरले, तेव्हा शिव्या घालायचा हक्क पण माझाच.

आधी चांगलं सांगते. कागदपत्रांचं काम चोख. डोमिसाइल, नॅशनॅलिटी, दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, सगळं पहिल्याच मीटिंगला तपासलंन. आमच्या बरोबरच्या एका बाईंचं नॉन क्रिमीलेयर जुनं होतं, ते ३१ मार्चलाच संपलं होतं, ते त्यांना वेळेवर सांगितलंन आणि त्या धावत जाऊन नवीन काढून घेऊन आल्या. नाहीतर मुलगा ओपनमध्ये गेला असता. हे खरंच उपकार.

आता यादी. फॉर्ममध्ये जास्तीत जास्त ३०० ऑप्शन भरता येतात म्हणून सरांनी ३०० भरून दिलेन, पंक्तीत पान भरलेलं दिसावं म्हणून लोणचं दोनदा वाढतात तसं. त्यातल्या काही कॉलेजांची गावं आम्ही नकाशावर शोधली. मुलगी म्हणाली आई मी इथे कशी जाणार, मी म्हटलं थांब, सरांना कळतं. चूक माझी.

ती यादी बघून खरं बोललं कोण, तर शेजारचा मुलगा, तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत आला होता. काकू, हे आकडे कुठल्या कॉलममधले म्हणे. आता मला काय माहीत कॉलम. मग त्याने कट-ऑफची पीडीएफ उघडलीन, ती सीईटी सेलच्या साइटवर फुकट असते, कोणीही बघावी. कॅटेगरीच्या कोडच्या शेवटी एक अक्षर असतं, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीचे, एस म्हणजे स्टेट लेव्हल. बारावी जिथून केली ती होम युनिव्हर्सिटी, आणि रत्नागिरी सिंधुदुर्ग मुंबई युनिव्हर्सिटीत येतं. म्हणजे आमची मुलगी मुंबई नवी मुंबईच्या कॉलेजांना घरची आणि पुण्याला पाहुणी. सरांनी नेमकं उलटं धरलंन, पुण्याचे एचचे आकडे आणि मुंबईचे ओचे. बहुतेक पुण्याच्या कोणा मुलाची यादी होती, वरचं नाव बदलून आम्हाला दिलीन. घरच्या कॉलेजांत आपल्यासाठी जागांचा मोठा हिस्सा असतो तीच कॉलेजं खाली ढकललेली!

दुसरी चूक तर याहून मोठी. पहिल्या नंबरला सरांनी एक ‘सेफ’ कॉलेज टाकलं होतं, शंभर टक्के लागेल म्हणून. वीजेटीआय आणि सीओईपी खाली २० च्या पुढे, कारण काय तर तिथे चान्स कमी आहे. आता नियम बघा. २०२५ ला ४ राउंड होते. पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचं ऑप्शन लागलं की सीट ऑटो फ्रीझ, दुसऱ्याला पहिल्या ३ मधलं लागलं की फ्रीझ, तिसऱ्याला पहिल्या ६ मधलं. फ्रीझ म्हणजे तेच घ्या, नको असेल तर पुढच्या राउंडला जागा नाही. म्हणजे सरांची यादी भरली असती तर ते सेफ कॉलेज पहिल्याच राउंडला लागून, जिथे जायचंच नाही तिथे मुलगी अडकली असती, आणि सरांचा सक्सेस रेट वाढला असता, ‘फर्स्ट राउंड फर्स्ट प्रेफरन्स’. कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो, वरचं नाही मिळालं तर पुढचं बघतो, मोठं कॉलेज वर लिहिल्याबद्दल दंड बसत नाही. मग मनात आहे त्याच क्रमाने लिहायचं की नाही? एवढं सांगायला १२ हजार कशाला, एफसी सेंटरवर, जिथे सरकारतर्फे फॉर्म तपासून देतात तिथे, विचारलं असतं तरी त्यांनी फुकट सांगितलं असतं, तेवढं आम्हाला सुचलं नाही.

हे कळलं ते फॉर्म कन्फर्म करायच्या आदल्या रात्री. सरांना ९ फोन, सर मीटिंगमध्ये आहेत. रात्री साडेदहाला कसली मीटिंग? त्यात लाईट गेली, आमच्याकडे जुलैत जातेच. खिडकीच्या कठड्यावर मोबाइल ठेवला तरच रेंज, तो हॉटस्पॉट, लॅपटॉपची बॅटरी ४० टक्के, आणि मुलगी वहीत पेन्सिलीने लिहीत बसली. तेव्हा मी पहिल्यांदा तिला विचारलं की बाय, तुला काय हवंय. दोन महिने सगळ्यांना विचारलं होतं, हिलाच नव्हतं विचारलं. म्हणाली टेक्स्टाइल नको, नावासाठी ४ वर्षं नाही काढायची, सर्किट आवडतात, इलेक्ट्रॉनिक्स चालेल, कॉम्प्युटर पण चालेल. ३०० ची यादी ४३ वर आली. बॅटरी ११ टक्के असताना कन्फर्म केलं.

मग वाट बघणं. ते कोणी शिकवत नाही. मासेमारी बंदी असल्यामुळे ताजे मासे नाहीत, पाऊस थांबत नाही, मुलगी संध्याकाळी मांडवीला जाऊन यायची आणि आल्या आल्या साइट रिफ्रेश. पहिल्या राउंडला ११ नंबरचं लागलं, नवी मुंबई, कॉम्प्युटर. घरात जल्लोष, भाऊजींचा फोन, घेऊन टाका. सरांचा पण मेसेज आला, ‘फ्रीझ करा, रिस्क नको’. मुलगी म्हणाली नाही, बेटरमेंट, म्हणजे ही सीट ठेवून वरच्या ऑप्शनची वाट बघायची. १००० रुपये सीट ॲक्सेप्टन्स फी भरून सीट हातात ठेवली. वरचं मिळालं तर ही आपोआप सुटते, नाही मिळालं तर ही आहेच, तेव्हा रिस्क कसली हे मला अजून कळलं नाही. दुसऱ्या राउंडला ५ नंबरचं, सांगली, इलेक्ट्रॉनिक्स. ऑटो फ्रीझ नव्हतं, तिने स्वतःच फ्रीझ केलं. वरची चार मिळायची नाहीत हे तिला माहीत होतं, मी विचारलं तर म्हणाली आंबा घाटातून एसटीने येता येईल गं घरी.

रिफंड मागितला, अर्धा तरी द्या म्हटलं. ‘मॅडम, ॲडमिशन झालं ना’ असं उत्तर आलं.

आणि काल मारुती मंदिरला त्यांचा बॅनर लागलाय, त्यावर यशस्वी विद्यार्थ्यांत आमच्या मुलीचा फोटो. फोटो आतेभावाच्या लग्नातला, बाजूला अर्धा कापलेला माझा खांदा दिसतोय. काढा म्हणून मेसेज टाकलाय, अजून ब्लू टिक नाही. आज संध्याकाळपर्यंत झाली नाही तर फोनवाल्या मुलीचा ठेवून कागदपत्रांचा स्टार काढून घेणार आहे.