दोन लाइन, एक लिनक्स सर्व्हर: वाटून टाकायच्या की नेमून द्यायच्या?

सर्व्हरला दोन इंटरनेट लाइन जोडल्या की मार्ग दोन. पहिला म्हणजे डिफॉल्ट रूटमध्येच (बाहेर जायच्या सर्वसाधारण वाटेत) दोन नेक्स्टहॉप, म्हणजे पुढचे दोन थांबे, देऊन वाटणी कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) सोपवायची. दुसरा म्हणजे प्रत्येक लाइनचं राउटिंग टेबल (वाटांची यादी) वेगळं ठेवायचं आणि कोणी कुठून जायचं, म्हणजे कोणतं टेबल पाहायचं, हे आयपी रूल या नियमांनी ठरवायचं. आमच्या ऑफिसात दोन्ही चालवून झालेत.

नेक्स्टहॉपचा मोह पडतो, कारण काम एका ओळीत होतं. एक लाइन 100 एमबीपीएसची, दुसरी 50 ची, तर वेट (वाटणीचं प्रमाण) 2 आणि 1. या पद्धतीबद्दलच्या जुन्या तक्रारी वाचून घाबरू नका. 3.6 कर्नलमध्ये आयपीव्ही4 चा राउट कॅशे (आधी ठरलेल्या वाटा लक्षात ठेवणारी यादी) काढल्यावर काही काळ खरंच गोंधळ होता, पण 4.4 पासून पाठवणारा आणि गंतव्य या दोन पत्त्यांच्या हॅशवर (पत्त्यांवरून काढलेल्या, दरवेळी तोच येणाऱ्या आकड्यावर) लाइन ठरते, त्यामुळे एक कनेक्शन एकाच वाटेने जातं.

माझं मन फिरलं ते बँकेच्या कामामुळे. लॉगिनचं पान एका सर्व्हरवर, पैसे पाठवायचं पान दुसऱ्यावर. गंतव्य वेगळं म्हणून हॅश वेगळा, म्हणजे लॉगिन एका पब्लिक आयपीवरून आणि पेमेंट दुसऱ्यावरून. ओटीपी टाकला की सेशन संपल्याचा संदेश. हॅशमध्ये आपल्या पीसीचा पत्ताही असतो, त्यामुळे एका टेबलावर सगळं सुरळीत आणि शेजारच्या टेबलावर रोज तीच अडचण. अकाउंट्सवाल्या मॅडम महिनाअखेरीला पगार पाठवायला बसल्या की हे हमखास व्हायचं, आणि आपल्या पीसीवर तपासावं तर दोष दिसतच नाही. 4.12 पासून हॅशमध्ये पोर्टही (प्रत्येक कनेक्शनचे क्रमांक) धरता येतात. त्याने वाटणी सुधारते, पण एकाच साइटची कनेक्शनं दोन लाइनवर जायला लागतात, म्हणजे हा त्रास वाढतो.

आयपी रूलमध्ये अकाउंट्सचे पीसी पहिल्या लाइनवर, बॅकअप आणि अपडेट दुसऱ्या लाइनवर, असं सरळ लिहून ठेवता येतं. सुरुवातीला मेहनत जास्त आहे. नव्या टेबलात लॅनचा रूट नसेल तर ऑफिसातला प्रिंटरसुद्धा सापडत नाही. त्यासाठी सर्वांत आधी मेन टेबलाचा (सिस्टिमच्या मूळ टेबलाचा) रूल सप्रेस प्रीफिक्सलेंथ 0 लावून ठेवावा, म्हणजे त्यातला डिफॉल्ट रूट सोडून बाकीच्या वाटा आधी पाहिल्या जातात. आरपी फिल्टर (आलेल्या पॅकेटचा पत्ता त्या वाटेला शोभतो का ते तपासणारी सेटिंग) 2 वर, म्हणजे सैल, असलेला बरा. आणि एक लाइन तुंबलेली असताना दुसरी रिकामी पडून राहते, हेही खरं.

लाइन बंद पडल्यावर मात्र दोन्हींत स्क्रिप्ट लागतेच. रस्ता खोदताना फायबर तुटली तरी मोडेम चालू असतो आणि केबलची लिंकही, त्यामुळे कर्नलला काही कळत नाही. प्रत्येक लाइनवरून बाहेरचा पत्ता पिंग करून (उत्तर येतं का ते) पाहावा, नुसता गेटवे (लाइनचा पहिला थांबा) नव्हे. लाइन बदलल्यावर कॉनट्रॅकच्या (कर्नल ठेवतो त्या चालू कनेक्शनांच्या यादीच्या) जुन्या नोंदीही पुसाव्यात, नाहीतर चालू कनेक्शनं जुन्याच पत्त्याला चिकटून राहतात. आयपी रूलमध्ये इथे एक सोय आहे: मेलेल्या लाइनच्या टेबलातला डिफॉल्ट रूट काढला की शोध आपोआप पुढच्या रूलवर जातो. मेन टेबलात दोन्ही लाइन वेगवेगळ्या मेट्रिकने (पसंतीक्रमाने) असतील, तर बाकीचं सोपं.

वसतिगृह किंवा वाचनालयासारखी, पुष्कळ लोक नुसतं ब्राउझिंग करतात अशी जागा असेल तर नेक्स्टहॉप बहुधा पुरेल. जिथून बँकेचे व्यवहार होतात, तिथे मी आयपी रूलच लावेन.