दम्याच्या पुडीनं गुण आला, तरी सावध राहा

कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, खानापूर भागात 'दमा मुळासकट घालवतो' म्हणत बाजारादिवशी पुड्या विकणारे फिरताहेत. आमच्या आक्काला त्यातल्या एकानं कसं गंडवलं ते लिहितोय.

आक्काला साधा दमा नाही. डॉक्टर त्याला ब्रिटल अस्थमा म्हणतात. बहुतेकांचा दमा पंप (तोंडानं ओढायचा इनहेलर) नीट घेतला की आटोक्यात राहतो, हिचा मात्र मोठा डोस चालू असतानाही एकाच दिवसात वरखाली होतो. पीक फ्लो मीटर म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजायचं यंत्र, आकडा मोठा तितका श्वास मोकळा. त्यात जोरानं फुंकलं की सकाळी काटा १६० वर अडकायचा, संध्याकाळी ३२० वर जायचा आणि रात्री पुन्हा घरघर सुरू. त्यात निपाणीत तंबाखूची धूळ. असं माणूस रोज बघितलं की घरातले कुणाचंही ऐकायला तयार होतात. भाऊजीही झाले.

हद्दीवरच्या एका गावात तो माणूस खोली घेऊन बसायचा. महिन्याच्या पुड्यांना अडीच हजार, पावती नाही. जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधलेली, सुंठीच्या वासाची करडी पूड. बोटांत चोळली की मध्ये बारीक पांढरी कच लागायची, ती जिभेला कडूजहर. पथ्य म्हणजे दही बंद, वांगं बंद, आणि पंप बंद. 'पंपाची सवय लागते, आक्का. माझं झाडपाल्याचं आहे.'

दोन-तीन दिवसांत ती रात्रभर झोपायला लागली. काटा तीनशेच्या खाली येईना. भूक वाढली, चेहरा भरला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, 'अंग धरलंस की गं!' त्याच सुमारास साखर वाढली आणि बांगडी जरा घासली तरी हातावर काळंनिळं पडायला लागलं. पण दम लागत नव्हता, त्यामुळं तिकडं कोण बघतंय?

मग एका बाजाराला तो आलाच नाही आणि पुड्या संपल्या. आक्काला उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली, आणि वर दम्याचा जोरदार झटका. बेळगावला आयसीयूत ठेवावं लागलं. छातीच्या डॉक्टरांनी तिचा गोल चेहरा बघितला आणि विचारलं, 'पुडी कुणाकडची?' उरलेल्या पुड्या तपासल्या तेव्हा डेक्सामेथासोन निघालं. म्हणजे स्टेरॉइड. भरलेला चेहरा, साखर, काळंनिळं, सगळं त्याचंच. गुण झाडपाल्याचा नव्हताच.

मूत्रपिंडांवर अधिवृक्क ग्रंथी असतात, त्या शरीराला लागणारं कॉर्टिसोल बनवतात. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की त्या काम सोडतात, आणि बाहेरचं अचानक थांबलं तर माणूस कोसळतो. म्हणून घरात कुणी अशा पुड्या घेत असेल तर हे वाचून त्या गटारात टाकू नका. पुडी हातात घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडं जा. आक्काचं स्टेरॉइड डॉक्टरांनी हिशेबानं, कित्येक महिने घेऊन, थोडं थोडं कमी केलं.

स्टेरॉइड हे विष आहे असंही नाही. तीव्र दम्यात डॉक्टरही ते देतात, पण डोस ठरवून, साखर-बीपी बघत. आता तिची पंप ओढायची पद्धत नव्यानं तपासली, रक्तातल्या इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी मोजल्या. त्या वाढलेल्या असतील तर काहींना मेपोलिझुमॅबसारखं दर चार आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालतं. महाग आहे आणि सगळ्यांना लागू पडत नाही, पण निदान आत काय आहे ते बाटलीवर छापलेलं असतं.

तक्रारीचं काय झालं? इकडचे, म्हणजे कर्नाटकातले अधिकारी म्हणाले पत्ता महाराष्ट्रातला आहे, तिकडचे म्हणाले विक्री कर्नाटकात झाली. सीमाप्रश्न आमच्या पाचवीलाच पुजलेला, पण तो एका भोंदूच्या असा कामी येईल असं वाटलं नव्हतं. खरं तर १९४५ च्या औषध नियमांतल्या 'शेड्यूल जे'मध्ये दम्याचं नाव आहे, म्हणजे 'दमा बरा करतो' असा दावा कुठल्या औषधाला करताच येत नाही. कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या कायद्यानं नोंदणीही लागते. समोरच्याला नोंदणी विचारा, बिल मागा. तो पंप सोडायला सांगत असेल तर तिथूनच उठा.

तो माणूस परत फिरायला लागलाय असं परवा कळलं. आता कागदाच्या पुड्या नाहीत, प्लॅस्टिकची डबी देतो. डबीवर हिरवं पान छापलंय. बॅच नंबर, परवाना नंबर कुठंच नाही.