बऱ्याच नोकऱ्यांचं आयुष्य लिहायचं कसं: सनावळीने, एका धाग्याने की कामागणिक?

सगळी हयात एकाच कचेरीत काढलेल्या माणसाला आठवणी लिहिताना मांडणीची चिंता नसते. रुजू झालो, बढती मिळाली, निवृत्त झालो. पण ज्याने आधी ट्रक चालवला, मग हिशेब लिहिले, मध्येच शिकवण्या घेतल्या, विमा विकला आणि शेवटी गोदाम सांभाळलं, तो पहिल्याच पानावर अडतो. अशी माणसं अपवादही नाहीत. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याने १९५७ ते १९६४ या काळात जन्मलेल्या पिढीचा वर्षानुवर्षं माग ठेवला. वयाच्या १८ ते ५६ या टप्प्यात त्यांनी माणशी सरासरी १२.७ नोकऱ्या केल्या आणि त्यांतला मोठा हिस्सा पंचविशीच्या आतला होता.

लिहायचं असं ठरवलंच असेल, तर समोर साधारण तीन वाटा असतात. बोलून रेकॉर्ड करणं ही चौथी, पण तिच्याबद्दल नंतर.

सनावळीची वाट सगळ्यात सोपी वाटते. जन्मापासून सुरू करायचं आणि पुढे जात राहायचं. तिचा एक फायदा इतर कुठल्याच मांडणीत मिळत नाही: रिकामे महिने दिसतात. एक काम सुटलं आणि दुसरं लागलं नाही, तो काळ कामांच्या यादीतून हमखास गळतो. वर्षं ओळीने लिहिली की तिथे भोक पडलेलं दिसतं आणि त्याबद्दल काहीतरी लिहावंच लागतं.

अडचण अशी, की आठवणी वर्षांमध्ये सारख्या वाटलेल्या नसतात. उतारवयात माणसाला स्वतःच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधलं जितकं आठवतं, तितकं नंतरच्या मधल्या वर्षांतलं आठवत नाही. मानसशास्त्रज्ञांनी हे पुन्हा पुन्हा तपासलं आहे. त्यामुळे सनावळीने लिहिणाऱ्याची पहिल्या दोन-तीन नोकऱ्यांतच दमछाक होते आणि पुढची वीस वर्षं चार पानांत उरकली जातात, किंवा येतच नाहीत. बेंजामिन फ्रँकलिन मुद्रक होता, टपालाचा कारभारी होता, विजेचे प्रयोग करणारा संशोधक होता, मुत्सद्दी होता. त्याने १७७१ मध्ये आत्मचरित्र लिहायला घेतलं आणि मध्ये मोठे खंड पडत ते १७९० पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, चाललं. तरी कथन १७५० च्या दशकाअखेरीच्या आसपासच थांबतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या माणसाच्या आत्मचरित्रात ती सहीच येत नाही!

धाग्याची वाट सगळ्यात मोहक आणि माझ्या मते सगळ्यात धोक्याची. ‘तसं पाहिलं तर मी आयुष्यभर माणसं जोडण्याचंच काम केलं,’ असं एक वाक्य सापडतं आणि मग सगळ्या नोकऱ्या त्यात ओवल्या जातात. नव्या कामासाठी मुलाखत देणाऱ्याला असा धागा लागतोच, त्याने तो जरूर शोधावा. मागे वळून पाहणाऱ्याला मात्र तो खोटं बोलायला लावतो. भाडं थकलं म्हणून धरलेली नोकरी, मेहुण्याने शब्द टाकला म्हणून पत्करलेली नोकरी, कंटाळून सोडलेली नोकरी, या सगळ्या एकदम ठरवून टाकलेल्या पायऱ्या होऊन बसतात.

धागाच हवा असेल तर तो गुणाचा नको, वस्तूचा असू द्या. इटलीचे प्रीमो लेवी रसायनतज्ज्ञ होते. १९७५ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘आवर्त सारणी’ या पुस्तकात २१ प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाला एका मूलद्रव्याचं नाव आहे. तसं किल्ल्या, गणवेश, वजनकाटा, हजेरीपट या क्रमाने लिहिता येईल. वस्तू हाताशी असली की फुशारकी आपोआप कमी होते.

माझं मत कामागणिक मांडणीला. प्रत्येक नोकरीचा स्वतंत्र तुकडा, हवा त्या क्रमाने. एक तर स्मरणशक्तीही अशीच चालते. ‘तेव्हा मी गोदामात होतो’ एवढं आठवलं की त्या काळातलं लग्न, आजारपण, बदललेलं घर पाठोपाठ येतं. साल आठवून तसं होत नाही. शिवाय तुकड्यांची लांबी सारखी ठेवावी लागत नाही. तीन महिन्यांच्या कामाला आठ पानं आणि अकरा वर्षांच्या कामाला दोन, असंही चालतं. बहुतेकदा तेच खरं असतं. लिखाण अर्ध्यावर राहिलं तरी जेवढे तुकडे झाले तेवढे पुरे असतात.

आणखी एक गोष्ट. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडलं, की म्हातारपणी मागे वळून पाहणं हे बुद्धी भ्रमल्याचं लक्षण नसून स्वाभाविक आहे. मात्र त्यातून अपराधीपणा आणि खिन्नताही येऊ शकते. अपमानाने सोडलेली नोकरी सनावळीत वाटेतच उभी असते. कामागणिक लिहिताना ती शेवटी घेता येते, नाहीतर सोडूनही देता येते.

तुकड्यात हुद्दा आणि जबाबदाऱ्या नकोत, ते अर्जात असतंच. दिवसाचा पहिला तास कसा जायचा, हातात काय असायचं, काम कोणी शिकवलं, पगार कसा मिळायचा, कोणी न सांगता काय उमजावं लागलं, हे लिहा. सहकाऱ्यांची खरी नावं टाळा.

या मांडणीचं नुकसानही आहे. दिवसा एक आणि रात्री दुसरं काम करणाऱ्याची ओढाताण दोन तुकड्यांत विभागली जाते आणि दिसेनाशी होते. म्हणून एका पानाची सनावळी शेजारी ठेवा. ती आठवणीतून न करता नेमणुकीची पत्रं, अनुभवाचे दाखले, पगाराच्या चिठ्ठ्या यांवरून करा. जुन्या घटना आपल्याला प्रत्यक्षापेक्षा अलीकडच्या वाटतात आणि अल्पकाळाच्या नोकऱ्या तर यादीतूनच निसटतात.

आता बोलण्याबद्दल. शिकागोचे रेडिओ मुलाखतकार स्टड्स टर्केल यांनी शंभराहून अधिक कामकऱ्यांना टेपरेकॉर्डरसमोर बोलतं केलं आणि १९७४ मध्ये त्याचं पुस्तक झालं. त्यात हॉटेलातली वाढपीण आहे, कबर खोदणाराही आहे. ज्यांना लेखणी जड जाते त्यांच्यासाठी ही उत्तम सोय. फक्त विचारणारा घरातला नको. त्याने किस्से आधीच ऐकलेले असतात, तो वाक्यं पुरी करून टाकतो. आणि तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला कित्येक तास लागतात, तेव्हा उतरवणार कोण हे आधीच ठरवलेलं बरं.

निवड अडत असेल तर पहिल्या नोकरीपासून सुरुवात करू नका. ती सांगून सांगून गुळगुळीत झालेली असते. जी नोकरी तुम्ही कधी कुठल्या अर्जात लिहिलीच नाही ती घ्या. तिच्या एका दिवसाबद्दल एका बैठकीत लिहा, दुसऱ्या दिवशी तेच कोणाला तरी सांगा आणि कुठे जास्त बारकावे आले ते पाहा.